दोन्ही काठांचा नकाशा

जुना नकाशा शोधायचा असेल तर नकाशा मागू नये, भांडण विचारावं. साताऱ्याच्या एका कचेरीत, जमिनींचे नकाशे ठेवण्याच्या खोलीत, माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथं मी जी काही विद्या शिकलो ती या एका वाक्यात मावते.

संपादकांचं पत्र आलं की, तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचक हसले पाहिजेत. मी त्यांना उलट कळवलं की दोन गमती देतो, पण तिसरी गोष्ट गंमत नाही, आणि ती छापायची नसेल तर पहिल्या दोन्हीही छापू नका. त्यांचं कार्ड आलं, "पाठवा." म्हणून पाठवतो आहे. माझा मुलगा म्हणतो, "बाबा, या वयात कशाला? पेन्शनीत खुसपट काढतील." काढू देत. या वयात नाही तर कोणत्या वयात?

आधी धंदा सांगतो. इंग्रजांच्या मोजणीत त्यांच्या ताब्यातल्या प्रत्येक गावाचा एक नकाशा झाला. कागदावरचे आठ इंच म्हणजे जमिनीवरचा एक मैल. त्यात शेतांचे नंबर, विहिरी, ओढे, देवळं, शिवेचे दगड, सगळं असायचं. शिवेपलीकडे मात्र पांढरं. आमच्या भागात इंग्रजी गावं आणि संस्थानी गावं डाळ-तांदळासारखी मिसळलेली होती. कृष्णेच्या एका काठावर कलेक्टरचं राज्य, तर समोरच्या काठावर राजेसाहेबांचं. मोजणीदार नदीपर्यंत यायचा आणि टाक पुसून ठेवायचा. पलीकडचा काठ त्याच्या लेखी नव्हताच.

मोजणीच्या आधीचे नकाशे हा वेगळा प्रकार. ते मोडीत लिहिलेले, माप नसलेले, अर्धे चित्रासारखे. देऊळ घराएवढं मोठं आणि डोंगर मुठीएवढा. असे नकाशे हौसेनं कुणी काढलेले नसत. कुठंतरी शिवेवरून डोकी फुटली, पाण्यावरून पंचायत बसली, मानावरून वाद पेटला, की मग कुणीतरी बोरू हातात घेई. म्हणून नकाशा "नकाशे" अशा चिठ्ठीखाली सापडत नाही. तो ज्या भांडणात जन्मला त्या भांडणाच्या कागदांत झोपलेला असतो.

वाईचे एक गुरुजी होते. शाळा सुटली की इतिहासाच्या मागे लागलेले. एका सुट्टीत मोटारीनं साताऱ्याला आले आणि म्हणाले, "मला आपल्या राज्याचा अख्खा नकाशा हवा आहे. आपल्या लोकांनी काढलेला. इंग्रजांचा नको."

मी म्हणालो, "गुरुजी, अख्ख्या देशाचा नकाशा तो काढतो, ज्याला तो देश घ्यायचा असतो. आपल्या लोकांना देश पाठ होता."

"पाठ होता?" गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले. "मग गेला कसा?"

विषय बदलावा म्हणून विचारलं, "वाईत पूर्वी कुणाचं भांडण होतं का?"

"कुणाचं नव्हतं ते विचारा."

मग तीन सुट्ट्या आम्ही जुनी दप्तरं उलटी केली आणि एक लांबलचक पिवळा कागद निघाला. कृष्णेचा एक घाट, पायरीन् पायरी काढलेला, आणि कोणत्या पायरीवर कोणत्या घराण्यानं बसून यजमानाचा संकल्प सोडायचा, ते प्रत्येक पायरीवर बारीक अक्षरात. गुरुजींना भरून आलं. मग त्यांचं बोट एका पायरीवर थांबलं. ती त्यांच्या पणजोबांची होती आणि त्या दिवसांत तिथं भलताच कुणी बसत होता. इतिहास राहिला बाजूला, गुरुजी नक्कल घेऊन तरातरा वाईला गेले, आणि पुढची दोन वर्षं त्या घाटावर नवं भांडण चाललं. नकाशा भांडणातून जन्मतो आणि पुन्हा भांडणंच वितो.

दुसरी गोष्ट एका फौजदाराची. बेचाळीसनंतर कृष्णाकाठी भूमिगत मंडळी फिरत होती आणि सरकारचं डोकं ठिकाणावर नव्हतं. हे फौजदार बूट आपटत खोलीत आले. "नदी पायी ओलांडता येते असे सगळे उतार ज्यात दाखवलेत, असा नकाशा काढा. आत्ता."

मी काढला. सही-शिक्क्याचा, अगदी अस्सल. फक्त सगळ्यांत जुना. त्यानंतर कृष्णेला किती पूर आले, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी ते परत आले ते लालबुंद होऊन.

"रेकॉर्डकीपर, तुमच्या उतारात माझं घोडं बुडता बुडता वाचलं!"

"साहेब," मी म्हणालो, "नदी काही सरकारी नोकर नाही. ती बदलीच्या हुकमाशिवाय हलते."

त्यांनी छडी उगारली होती. मी जागचा हललो नाही. ही गोष्ट मी पुढं चाळीस वर्षं सांगितली, लग्नात, मुंजीत, सेवानिवृत्तांच्या संमेलनात. लोक टाळ्या वाजवायचे. मीही मनात वाजवायचो. फौजदारासमोर ताठ उभा राहणारा हा माणूस दुसऱ्या एका वेळी कसा वाकला, ते आता सांगतो.

आमच्या खोलीत ज्ञानबा नावाचा दफ्तरबंद होता. दफ्तरबंद म्हणजे दप्तरं रुमालात बांधणारा, काढून देणारा, परत जागेवर ठेवणारा शिपाई. खोलीची किल्ली त्याच्या कमरेला. गाव पलूसच्या बाजूचं, कृष्णेच्या ऐन काठावरचं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ज्ञानबाला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण कोणताही नकाशा मागा, कागदाच्या रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या पोतावरून तो बरोबर काढायचा. रुमालाला तो स्वतःची एक गाठ मारायचा. त्याच्या पाठीमागे कुणी दप्तर सोडलं तर सकाळी नुसत्या गाठीकडे बघून म्हणायचा, "अण्णा, काल कुणाचा हात लागला हो ह्याला?" कडुलिंबाचा पाला, वेखंड, झाडलोट, सगळं न सांगता. वाळवी त्या खोलीला कधी लागली नाही, ती त्याच्यामुळे. मी त्याचा वरिष्ठ. तो माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा, पण मी त्याला "अरे ज्ञानबा" म्हणायचो आणि तो मला "अण्णा". तेव्हा तीच रीत होती.

आता कापडाची गोष्ट. नकाशाची नक्कल करायला कचेरीत एक खास कापड यायचं. तलम सुती कापड, त्याला खळ देऊन काचेसारखं गुळगुळीत केलेलं, त्यातून खालचा नकाशा आरपार दिसायचा. त्यावर शाईनं नक्कल काढायची. नक्कल जुनी झाली, फाटली, नवी तयार झाली की जुनीवर "रद्द" असा शिक्का मारायचा, वहीत नोंदायची आणि जाळायची. असा नियम.

प्रत्यक्षात ती कापडं कधीच जळत नसत. गरम पाण्यात टाकली की खळ सुटायची, खळीबरोबर शाई सुटायची आणि खाली उरायचं बाळाच्या अंगाला घालावं असं मऊ पांढरं कापड. कचेरीतल्या प्रत्येक घरात झबली, टोपडी, बाळोती या नकाशांची होती. मोठ्या साहेबांच्या घरातही. तालुक्याचे तालुके आमच्या पोरांनी ओले केले. वहीत "जाळले" म्हणून सही व्हायची आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

युद्धाच्या त्या वर्षांत कापड रेशनवर होतं. मिळायचं ते मांजरपाट, पोत्यासारखं. आमच्या घरी पहिली मुलगी झाली, कुसुम. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. त्याच आठवड्यात माझ्या हातून पाच नकला रद्द झाल्या. मी शिक्के मारले, वहीत पाच लिहिल्या, सही केली. ज्ञानबानं त्यांची गुंडाळी करून माझ्यापुढं धरली.

"वैनी बाळंत झाल्या न्हवं? मग न्या की. जाळून कुणाचं भलं हुतंय?"

घरी बायकोनं घंगाळात पाणी तापवलं आणि घड्या सोडायला बसली.

"अहो, पाच म्हणालात ना? ही सहा आहेत."

"नीट मोज."

"दोनदा मोजली. हे एक दुसऱ्याच्या घडीत होतं."

मी ते हातात घेतलं. जुनं, जाड, उत्तम कापड. नदीचा एक वळसा, आणि दोन्ही काठ. मधोमध लाल रेघेची शीव. खाली दोन शिक्के, एक इंग्रज सरकारचा, एक पलीकडच्या संस्थानाचा. "रद्द" असा शिक्का कुठंही नव्हता. ते आमच्या कपाटातून रद्दीत यायलाच नको होतं. आदल्या आठवड्यात मीच ही आणि रद्द करायची एक नक्कल एकत्र पाहिल्या होत्या आणि मीच एकीच्या घडीत दुसरी ठेवली होती. ज्ञानबानं नाही.

"हेही टाकू का?" बायकोनं विचारलं.

काठ बघून गाव मी ओळखलं होतं. या गावाचा नवा नकाशा कचेरीत आहे, हेही मला माहीत होतं. घंगाळातून वाफ येत होती, आत पोर रडत होतं.

मी म्हणालो, "टाक."

आठ दिवसांनी मनात शंका आली म्हणून तो नवा नकाशा उघडला. नदीच्या अलीकडे सगळं होतं. नदीच्या पलीकडे पांढरं. दोन्ही काठ एका कापडावर दाखवणारा, दोन्ही सरकारांनी मान्य केलेला असा आमच्याकडचा एकच नकाशा होता आणि तो माझ्या घरातल्या दोरीवर वाळत होता. त्याची शाई गेली होती. लाल रेघ तेवढी पुरती गेली नव्हती, फिकट गुलाबी दिसत होती.

मी गप्प बसलो. तेव्हा तो नकाशा कुणीच मागत नव्हतं.

मागणारे आले ते स्वातंत्र्यानंतर, संस्थानं विलीन होत होती तेव्हा. ज्ञानबाच्याच गावचे पाटील आणि पाच-सहा माणसं. कृष्णा पुरात गाळ आणून टाकते, त्या रानाला आमच्याकडे मळी म्हणतात. मळीतली वांगी ज्यानं खाल्ली त्याला तिचं मोल सांगायला नको. मधल्या एका पुरात नदीनं कूस बदलली आणि या गावची मळी पलीकडच्या काठाला जाऊन चिकटली. दोन राज्यं होती तोवर वाद धुमसत होता. आता एक राज्य झालं, एकच साहेब आला, म्हणून दोन्ही गावं त्याच्यापुढं उभी राहिली.

"दोनी काठांचा नकाशा हाय तुमच्याकडं," पाटील म्हणाले. "माझ्या बानं डोळ्यानं बगितलाय. त्यो काढा, म्हंजी निकाल लागला."

ज्ञानबा आनंदानं उठला. आपल्या गावचं काम. थेट त्या कपाटापाशी गेला, त्या कप्प्यात हात घातला आणि तसाच उभा राहिला. मग त्यानं सगळा कप्पा काढला. मग शेजारचा. दोन दिवस तो शोधत होता. मीही त्याच्याबरोबर शोधत होतो. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे. मीही शोधत होतो.

चौकशी झाली. साहेब नवे, कडक, प्रामाणिक. खोलीत आम्ही तिघं.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माज्याकडं, साहेब."

"मग नकाशा कुठं आहे? विकलास?"

"साहेब, मी न्हाई इकला. आईच्यान. माझ्या हातनं रद्दीत गेला असंल तर ठावं न्हाई, पर इकला न्हाई." मग तो एकदम म्हणाला, "दुसरी नक्कल असंल, साहेब. ह्यो नकाशा पालखीच्या मारामारीतनं निघाला. देवाची पालखी न्हायला नदीला जाती, तवा पलीकडच्यांनी आडवली, डोसकी फुटली. मग दोनी सरकारं आली. माझा आजा हुता तिथं. एक परत ह्यांनी नेली, एक त्यांनी."

"आजोबांच्या गोष्टी नकोत," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "रेकॉर्डकीपर, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

ज्ञानबा माझ्याकडे बघत होता. रागानं नाही, आरोपानं नाही. साहेबांना वाचता येतं, अण्णांना वाचता येतं, तेव्हा अण्णा नीट सांगतील, अशा भरवशानं बघत होता.

मी म्हणालो, "नाही, साहेब."

त्याला नोकरीवरून कमी केलं. जाताना त्यानं कमरेची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "पाला बदलायचा झालाय, अण्णा. विसरू नगा."

मग मला झोप लागेना, जेवण जाईना, वगैरे लिहीत नाही. जेवण जात होतं. पण मी रजा काढून सांगलीला गेलो. विलीन झालेल्या संस्थानाची दप्तरं एका जुन्या इमारतीत ढीग घालून ठेवली होती. तिथल्या कारकुनानं हात झटकले. "नकाशांची यादी दोनदा बघितली. तुम्ही म्हणता तसला नकाशा नाही." मी म्हणालो, "नकाशे नकोत. यात्रेच्या बंदोबस्ताचे कागद दाखवा." तो हसला. जमिनीचा माणूस यात्रेचे कागद कशाला मागतो, हे त्याला कळेना. चार दिवस मी देवस्थानं, उत्सव, मानपान असली दप्तरं उपसली. चौथ्या दिवशी दुपारी, पालखीच्या मारामारीतल्या जखमींच्या यादीखाली, ते कापड निघालं. तीच नदी, तोच वळसा, तेच दोन काठ, तीच लाल रेघ.

या शोधाचं श्रेय मी आजवर माझ्या हुशारीला दिलं. संमेलनांत सांगितलं की भांडण शोधा, नकाशा सापडतो. ते खरं आहे. पण ते भांडण कोणतं, हे मला ज्ञानबानं सांगितलं होतं, नोकरी जाता जाता, उभ्या उभ्या.

निकाल गावाच्या बाजूनं लागला. मळी परत आली. मला कचेरीकडून शाबासकीचं पत्र मिळालं. गावानं बैलगाडीतून मिरवलं, फेटा बांधला, वांग्यांनी भरलेली पाटी घरी पाठवली. पाटील म्हणाले, "अण्णा, तुमी व्हता म्हणून."

तेव्हा मी साहेबांकडे गेलो होतो, हेही सांगतो, म्हणजे कुणी मला पुरता दगड समजू नये. म्हणालो, "नकाशा मिळाला आहे, ज्ञानबाला परत घ्यावं." साहेब म्हणाले, "मिळाला तो त्यांचा. आपला गेला तो गेलाच. तो कसा गेला, हे तुम्हाला माहीत आहे का?" दुसऱ्यांदा विचारलं होतं. आता नकाशा परत आला होता, गावाचं काही बिघडणार नव्हतं. बिघडलं असतं ते फक्त माझं.

"नाही, साहेब," मी म्हणालो आणि दार लोटून बाहेर आलो.

गावात काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. ज्ञानबाची सख्खी बहीण नदीपलीकडच्या गावात दिलेली होती. लोकांना एवढं पुरलं. आपला नकाशा यानंच पलीकडच्यांना विकला, अण्णांनी मात्र तो हुडकून आणला, अशी गोष्ट तयार झाली. ज्ञानबाला नाव पडलं "नकाशाविक्या". बहिणीकडं जाणं त्यानं सोडलं. चावडीवर बसणं सोडलं. लोक सांगतात, तो प्रत्येकाला थांबवून सांगायचा, "मी न्हाई इकला रं गड्या," आणि माणसं "व्हय, व्हय" म्हणत पुढं सरकायची. असा तो म्हातारा झाला आणि गेला. मी त्या गावाला पुन्हा गेलो नाही. साताऱ्यापासून ते गाव काही फार लांब नाही.

मग गेल्या वर्षी गावाचं आमंत्रण आलं. मळी परत मिळाल्याचा दिवस गाव दरसाल साजरा करतं, यंदा त्यात माझा सत्कार. नाही म्हणायला हवं होतं. गेलो. वय झालं की सत्काराचा मोह सुटतो, असं म्हणतात. तसं काही नाही. मांडवात एक तरुण पुढारी बोलायला उभा राहिला. म्हणाला, "आपल्यातल्याच एकानं गाव इकलं हुतं, पण अण्णांसारखा देवमाणूस हुता म्हणून..." तेवढ्यात मागच्या रांगेतून साठीचा एक माणूस उठला, टोपी डोक्यावर नीट केली आणि मांडवाबाहेर निघून गेला. मी शेजारच्याला विचारलं, कोण?

"त्यो व्हय? नकाशाविक्याचा पोरगा. आसंच करतोय दरसाली. बसा तुमी."

मी बसलो. शाल घेतली. नारळ घेतला. पण घरी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं घर विचारत गेलो. नाव दत्तू. दारात वैरण तोडत होता. मला बघून विळा खाली ठेवला नाही.

"या, अण्णा. काल शाल झाली, आज काय?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पाच, सहावं, घंगाळ, टाक. साहेबांचा प्रश्न, दोन्ही वेळचा. तो ऐकत होता आणि वैरण तोडत होता. मी थांबलो तेव्हा त्याचे हात थांबले.

"अण्णा," तो म्हणाला, "हे तोंडी नगं."

"म्हणजे?"

"माझ्या बानं जलमभर तोंडी सांगितलं. कुणी ऐकलं न्हाई. तुमी कागदवालं. लिवून आणा. सही करा. आन् गावसभेत तुमच्या तोंडानं वाचा. घरात यिऊन माझ्याम्होरं रडून जाशीला, ते मला नगं."

"मी रडत नाही," मी म्हणालो.

"बेस हाय मग."

घरी आल्यावर कुसुमला सांगितलं. ती आता आजी झाली आहे. ती म्हणाली, "लिहा, बाबा. पण झबलं माझ्या अंगावर होतं म्हणून ते माझ्यावर घालू नका." बरोबर आहे. तिच्यावर घालत नाही. युद्धावर घालत नाही, रेशनवर घालत नाही, सगळेच नेत होते या रीतीवर घालत नाही. पाच कापडं रीतीची होती. सहावं माझं होतं.

आणि क्षमाही मागत नाही. क्षमा मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते. त्या घरातून मी पुष्कळ घेतलं आहे, आता आणखी काही घेणार नाही.

पुढच्या गावसभेला मी गेलो. देवळासमोर सभा. पुढं पुरुष, मागं बायका. पाण्याचा विषय झाला, रस्त्याचा झाला. मग सरपंच म्हणाले, "अण्णांना दोन शब्द बोलायचेत." मी कागद काढला आणि वाचायला लागलो. ज्ञानबाचं नाव, त्याच्या वडलांचं नाव, त्याची नोकरी, आणि त्यानं नकाशा विकला नाही. तो मी बुडवला. मला दोनदा विचारलं गेलं आणि दोनदा मी खोटं बोललो. मळी परत आली ती ज्याच्या सांगण्यावरून, तो ज्ञानबा.

मधेच पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला. त्या वेळी मला फेटा बांधणाऱ्यांपैकीच एक. "आवं अण्णा, कशापायी उकरताय? मळी मिळाली, गाव सुखात हाय. मेल्याच्या म्हागं कशाला जायाचं?"

मी म्हणालो, "बापू, खाली बसा. तुम्ही फेटा बांधलात तेव्हा मी तुम्हाला अडवलं नाही. आता तुम्ही मला अडवू नका."

कुणीतरी हसलं. म्हातारा बसला. मी शेवटपर्यंत वाचलं. कागदाची घडी घातली. तो तरुण पुढारी जमिनीकडे बघत होता. सरपंचांनी आभाराची तयारी केली.

तेव्हा दत्तू उभा राहिला. माझ्याकडे आला नाही, हात जोडले नाहीत. जागेवरूनच म्हणाला,

"पुन्यांदा वाचा, अण्णा. म्हागं बायका बसल्यात, त्यास्नी आयकाय गेलं न्हाई."

मी घडी उलगडली आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, पुन्हा वाचायला लागलो.